डावीकडे ओढणारी चेन

महाल, नागपूर
९ डिसेंबर २०२४

चि. रुपराव,
अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्याची वेळ तू आणलीस. काल दुपारी गिरिधरने टेम्पो दुकानासमोर उभा केला, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कानशी काउंटरवर आदळल्या आणि गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने सांगितलं, "रुपरावभाऊ म्हनते, ताईच्या कानशीत दम नाही." त्यातलं एक गिऱ्हाइक कानसच घ्यायला आलं होतं. ते "पाहून येतो" म्हणून गेलं ते गेलंच.

वडिलांच्या मागे हे हत्यारांचं दुकान मी चालवते. बी.एस्सी. होऊन मी काउंटरवर बसले तेव्हा महालातले लोक हसले होते. हसून झाल्यावर त्यांनी कानशी घेतल्या. इतक्या वर्षांत माझ्या कानशीला नावं ठेवणारा पहिला माणूस माझाच चुलत भाऊ निघाला.

फोन केला नाही, कारण फोनवर तू "हो ताई, हो ताई" म्हणतोस आणि मग धानाच्या गप्पा काढतोस. कागदावर उत्तर द्यावं लागतं.

आता नीट ऐक. आधी तू बाजारातून साधी गोल कानस आणलीस. ती टोकाकडे निमुळती होत जाते; भोकं मोठी करायला ठीक आहे. तुझ्या झाडं कापायच्या मशीनच्या, चेनसॉच्या, दाताला मुठीपासून टोकापर्यंत एकाच जाडीची कानस लागते. मी तशी पाठवली, ती "घसरते" म्हणून परत आली. दुसरी पाठवली, ती "खात नाही" म्हणून परत आली. आता तीन पाठवल्या होत्या, त्यांतल्या दोनच आल्या. तिसरी कुठे आहे? तिच्यात दम होता का?

कानस हाताला बरी लागली म्हणून घ्यायची नसते. ती चेनच्या मापावर ठरते, आणि माप चेनच्या कडीवर कोरलेलं असतं. ते लिहून पाठव. तेवढंही होत नसेल तर चेन पाठव, मी वाचते.

वंदनाला आशीर्वाद. तिला म्हणावं, नवऱ्याच्या तक्रारी गुंडाळायला घरातलं वर्तमानपत्र देऊ नकोस.

सुभद्राताई

•

रामटेक
१३ डिसेंबर २०२४

ती. सुभद्राताईले रुपरावचा नमस्कार.

तुहं पत्र भेटलं. वंदनानं वाचून दाखवलं, मी बैलाले पानी पाजून राहिलो होतो. बाप्पा, पत्र होय का कोर्टाचा समन्स?

गिरिधरले मी तसं म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं, "ताईले सांग, कानशीत काही तरी गडबड आहे." थो टेम्पोवाला. रामटेकहून निंघालेलं बोलनं नागपूरलोक पोचता पोचता मोठं होते.

गडबड अशी आहे. देवरावच्या बांधावर वाळलेल्या बाभळी उभ्या आहेत. थ्या तोडून द्याचं मी कबूल केलं. पन मशीन लाकडात घातली का पातं डावीकडे ओढते. मी सरळ कापाले जातो, ओंडका तिरपा निंघते. देवराव बांधावर बसून बिडी पेते आन म्हनते, "काय गा रुपराव, बाभूळ कापून राहिला का काकडी?" गावात मशीनवाला मी एकटा. लोक दुरून हाका मारत येत, "रुपरावभाऊ, आमचंही एक झाड पाहा ना." आता थेच लोक तिरपे ओंडके उचलून पाहून राहिले. इज्जतीचा सवाल आहे वं ताई.

मशीन नवी. चेन चांगली. हात माहा. मंग राहिलं काय? कानस. म्हनून परत केली.

तिसरी कुठं गेली मले माहीत नाही. घरातल्या वस्तू हरवतेत तशी हरवली. चेनवरचा नंबर घासून गेला, दिसतच नाही. चेन पाठवतो. तूच पाय.

तुहा,
रुपराव

•

महाल, नागपूर
१८ डिसेंबर २०२४

चि. रुपराव,
अनेक आशीर्वाद.

चेन मिळाली. नंबर घासलेला नाही. मी भिंगाशिवाय वाचला, आणि मी तुझ्याहून वयाने मोठी आहे. या चेनला चार पॉइंट आठ मिलिमीटर जाडीची कानस लागते. म्हणजे तू परत केलेल्या सगळ्या कानशी बरोबर होत्या. माझ्या दुकानाची माफी मागायची असल्यास गिरिधरकडून मागू नकोस.

आता चेनचं सांगते. चेनचे दात एक आड एक असतात, एक डावा, एक उजवा. मी ती सगळी काउंटरवर पसरून पाहिली. डाव्या दातांना अशी धार लावली आहे की ते मला दुकानात दाखवायला ठेवावेसे वाटले. प्रत्येकाचा कोन तोच, लांबी तीच, कानस आतून बाहेर एकाच दिशेने गेलेली. उजवे दात मात्र उंदराने कुरतडावेत तसे आहेत. कुठे जाड कानस फिरली आहे, कुठे कानस मागे ओढली आहे, कुठे दाताऐवजी कडीच घासली आहे.

धारदार दात ज्या बाजूला, पातं त्या बाजूला ओढतं. मशीनला काही झालेलं नाही. ती शहाणी आहे, चांगल्या हाताकडे जाते.

पण एका चेनवर दोन हात कसे? हे एका माणसाचं काम नव्हे, रुपराव. इतकी वर्षं मी परत आलेली हत्यारं पाहते आहे. कोणी काय केलं ते हत्यार सांगतं. तू मशीन कोणाला तरी वापरायला दिलीस आणि त्याने वाट लावली. नाव सांग.

सोबत दोन कानशी पाठवते. दोन्हींच्या दांडीवर आकडा कोरलेला आहे. घरी पडलेल्या तुझ्या जुन्या चेनच्या दातात एकेक ठेवून पाहा. कानशीचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या माथ्यावर दिसला तर ती तुझी. जास्त वर आली तर जाड आहे. पार बुडाली तर बारीक. कोणती तुझी ते लिही. कानस कशी निवडायची हे तुला एकदा कळलं की आपलं भांडण मिटलं.

सुभद्राताई

•

रामटेक
२३ डिसेंबर २०२४

ती. ताईले नमस्कार.

हारलो वं तुह्यासमोर. तू दुकानात बसून आमच्या घरात पाहून राहिली. हो, मशीन देल्ली होती. अंकुशले देल्ली होती, माह्या साळ्याले. साळा मांगते तर नाही कसं म्हनाव? त्यानं दोन दिवस चालवली आन उजवी बाजू खराब करून आनून ठेवली. मी तोंडावर काही बोललो नाही. वंदनाले वाईट वाटलं असतं. तूही तिले काही म्हनू नोको. त्याले तर मुळीच म्हनू नोको.

कानशी ठेवून पाह्यल्या. ताई, दोन्ही सारख्याच आहेत. आकडा कोनत्याच दांडीवर नाही. तुमी दुकानदार लोक एकच माल दोन नावानं इकता का काय? डाव्या दातात दोन्ही बसल्या, उजव्यातही दोन्ही बसल्या. मी त्यातली एक घेतली. चांगली चालून राहिली.

आता चेन पाठवून दे. देवराव रोज बांधावर येऊन बसते. त्याले दुसरा धंदा नाही.

तुहा,
रुपराव

•

महाल, नागपूर
२ जानेवारी २०२५

चि. रुपराव,
आशीर्वाद.

परवा अंकुश दुकानात आला होता. कुलूप घ्यायला. तू सांगितलं होतंस त्याला काही म्हणू नकोस. मी म्हटलं.

"काय रे अंकुश, भाऊजीची मशीन नेतोस आणि दात कुरतडून परत देतोस?"

त्याच्या हातातलं कुलूप खाली पडलं. "कोनती मशीन, ताई?"

"रुपरावची. झाडं कापायची."

"थे?" तो एक पाऊल मागे सरला. "ताई, थे मशीन चालू झाली का मी त्या घरात थांबतच नाही. जेवत असलो तर ताट घेऊन मांगच्या दारी जातो. भाऊजीले विचारा. वंदनाले विचारा."

मला विचारायची गरज पडली नाही. खोटं बोलणारा माणूस आधी रागावतो. तो आधी घाबरला.

आता माझा हिशेब ऐक. तू लहानपणापासून आपली चूक कधी कबूल केली नाहीस. विहिरीत बादली पडली तर दोर खराब, बैल सुटला तर खुंटा खराब, कानस चालली नाही तर ताई खराब. असा माणूस एका पत्रात "हारलो" म्हणतो आणि न केलेली चूक डोक्यावर घेतो. का? खरी गोष्ट त्याहून मोठी आहे म्हणून.

मी पाठवलेल्या कानशींपैकी एक चार पॉइंट आठची होती, एक पाच पॉइंट दोनची. आकडे दोन्हींवर आहेत. त्या पाठवण्याआधी मी दुकानातल्या माणसाकडून वाचून घेतले होते. तू लिहितोस, आकडा नाही. तू लिहितोस, दोन्ही सारख्या. आणि तुझी पत्रं मी पुन्हा काढून पाहिली. पहिल्यात अक्षरं नेहमीपेक्षा जरा मोठी आहेत. दुसऱ्यात ती बोराएवढी झाली आहेत आणि उजवीकडे गेली की एका ओळीवर दुसरी ओळ बसली आहे.

तुला दिसत नाही, रुपराव.

किती दिवसांपासून ते तुझं तुला माहीत. डाव्यानेही धड दिसत नसणार, उजव्या डोळ्याने तर तुला दातही दिसत नाही आणि ओंडकाही दिसत नाही, आणि तू फिरती चेन हातात घेऊन वाळलेल्या झाडाखाली उभा राहतोस. देवराव हसतो याची तुला काळजी आहे. देवराव हसायचा थांबेल तो दिवस कोणता असेल, याची तू काळजी कर.

चेन परत मिळणार नाही. ती माझ्या गल्ल्याखाली आहे. डोळे तपासून कागद आणशील तेव्हा देईन. आणि डाव्या बाजूचे दात कोणी लावले ते अजून कळलं नाही. कोणी मजूर लावला असशील तर त्याला सोडू नकोस. त्या घरात शहाणा तो एकच दिसतो.

सुभद्राताई

•

रामटेक
६ जानेवारी २०२५

सुभद्राताईंना वंदनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मीच वाचून दाखवलं. "तुला दिसत नाही" इथंलोक वाचलं आन पुढचं माह्यानं वाचवलं नाही. यांनी कागद हातातून घेतला, घडी घातली आन खिशात ठेवला. म्हनाले, "ताईले आता वय झालं, काहीही लिहिते." आन बाहेर गेले.

ताई, मजूर नाही. डावी बाजू मी लावते.

मागच्या पावसाळ्यापासून असं चालू आहे. हे स्टुलावर बसतात, मशीन पुढ्यात घेतात, उजव्या बाजूचे दात घासतात. मंग डोळे चोळतात. मंग म्हनतात, "चहा घेऊन येतो," आन ओसरीत जाऊन बसतात. चहा मी आधीच ठेवलेला असते. मंग मी स्टुलावर बसते आन डावी बाजू करते. धानाच्या विळ्याले धार लावाचं काम माहेरी माह्याकडंच होतं, हात बसलेला आहे. काम झालं का मी उठते. हे येतात, मशीन पुसतात आन उचलून नेतात. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगतलं नाही. तुमची हरवलेली कानस माह्याजवळ आहे. थे बरोबर बसत होती म्हनून हे परत पाठवाच्या आधी मी तांदळाच्या डब्यामागं ठेवली.

उजवी बाजूही मले करता आली असती. पन मंग यांच्याजवळ काय राहिलं असतं?

तुमी चेन ठेवून घेतली तर यांनी काल जुनी चेन चढवली. मी शेतात होती. ओंडका तिरपा कापला गेला, पातं त्यात अडकलं, आन ओंडका सुटून पायावर आला. पँट गुडघ्यापासून फाटली. पाय वाचला. मले म्हनाले, बाभळीचा काटा लागला. काट्यानं तशी पँट फाटत नाही, ताई. मी शिवाले घेतली आन तशीच ठेवून तुमाले पत्र लिहाले बसली.

डॉक्टरकडं जात नाहीत याचं कारण दोन. मोठे भाऊजी, मारोतराव, यांचा डोळा ऑपरेशनच्या नंतर गेला, थे यांनी पाह्यलं आहे. आन रोहित पुण्याहून म्हनते, "बाबांले काही झालं तर मशीन इकून टाकतो आन दोघांले इकडं घेऊन येतो." पुण्याच्या तिसऱ्या माळ्यावर हे काय करतीन?

तुमचं थे ऐकतात. रागावतात पन ऐकतात. असं काही लिहा का हे येतीन. फक्त मी सांगतलं असं लिहू नका.

वंदना

•

महाल, नागपूर
८ जानेवारी २०२५

सौ. वंदना,

पत्र पोचलं. चुलीत घातलं.

मशीनमधलं पेट्रोल काढून ठेव. विचारलं तर म्हण गळत होतं.

सुभद्राताई

•

महाल, नागपूर
८ जानेवारी २०२५

चि. रुपराव,
अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात मी फार कडक लिहिलं असं दुकानातले लोक म्हणतात. लिहिलं असेन. मी ते मागे घेत नाही, पण डोळ्यांचा विषय बाजूला ठेवते. माझं तुझ्याकडे एक काम आहे.

डाव्या बाजूचे दात लावणारा तुझा तो कारागीर मला हवा आहे. नागपुरात झाडं छाटणारे किती लोक चेन घेऊन माझ्याकडे येतात, आणि धार लावणारा धड माणूस मिळत नाही. येत्या सोमवारी त्याला घेऊन दुकानात ये. एकटा पाठवू नकोस, मी अनोळखी माणसाशी बोलत नाही, हे तुला माहीत आहे. तू ओळख करून दे. तू नाव सांगितलंस की मी खात्री करीन, कारण अंकुशचं नावही तूच सांगितलं होतंस.

सोमवारी दुकान मी दुपारी बंद ठेवणार आहे. मला माझे डोळे दाखवायला जायचं आहे. एकटीने जायचा कंटाळा येतो. तू आलास तर बरोबर बस. बाकड्यावर बसायला डोळे लागत नाहीत.

आणि मारोतरावांचं तुला आठवत असेल, म्हणून मला जे आठवतं ते सांगते. त्यांच्या ऑपरेशनला मी गेले होते. डोळ्याला धूळ लागू देऊ नका, वाकू नका, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं. पट्टी निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी मारोतराव धानाच्या खाचरात, बांधीत, पाणी द्यायला उतरले, आणि त्याच पाण्याने तोंड धुतलं. डोळा डॉक्टरने घालवला नाही. आपल्या घराण्यात पुरुषांना "थांब" हा शब्द ऐकू येत नाही. कान तपासायचं काही निघालं तर तेही सोमवारी दाखवू.

देवरावला सांग, बाभळी पळून जात नाहीत.

सुभद्राताई

•

रामटेक
११ जानेवारी २०२५

ती. ताईले रुपरावचा नमस्कार.

वंदनानं तुले पत्र लिहिलं हे मले माहीत आहे. गिरिधरच्या पोटात काही राहत नाही. तिले सांगू नोको का मले माहीत आहे.

कारीगर घरचाच आहे, ताई. हे तुलेही माहीत आहे. मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी ओसरीत बसत होतो तं कानशीचा आवाज येत होता. माहा आवाज येते खर्रखर्र, तिचा येते सुईंऽऽऽ, मंग थांबते, मंग सुईंऽऽऽ. मी चहा थंडा होईलोक बसत होतो. लवकर उठून गेलो असतो तं तिले अर्ध्यावरून उठाव लागलं असतं. आन मंग मले काही तरी बोलाव लागलं असतं. काय बोलाव?

मशीन डावीकडे ओढे तवा मले समजे का हे तिच्या बाजूनं जाऊन राहिली. राग येत होता. कानशीचा नाही. तुह्यावर काढला. तू दूर होती आन तुले सवय आहे.

पेट्रोल गळलं नाही हेही मले माहीत आहे. टाकी मी हातानं पाह्यली. झाकन लावून ठेवून देल्लं.

सोमवारी येतो. वंदना येते. रोहितले आताच कळवू नोको, झाल्यावर मीच सांगीन. मले भेव लागते हे कोनाले सांगू नोको. आन थे चेन सोबत आन. हातात नाही देशील तं नोको देऊ, दिसली तरी पुरे. दिसली तं.

रुपराव

•

रामटेक
१७ फेब्रुवारी २०२५

ती. ताईले साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी उजव्या डोळ्यानं लिहून राहिलो, डावा झाकून. मुद्दाम. पाय, एकही ओळ दुसऱ्या ओळीवर बसली नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरनं सांगतलं तसं डोळ्यात थेंब टाकतो, वाकत नाही, धुळीत जात नाही, तोंड पुसतो, धूत नाही. वंदना पहारा देते. बांधीत उतरलो तं म्हनते, "मारोतभाऊजी!" मी लगेच वर येतो.

पट्टी निंघाली तवा तुह्याकडं पाह्यलं आन मी बोलून गेलो, "ताई, केस इतके पांढरे झाले तुहे?" तू म्हटलं, "दोन वर्षं झाली, आज पाहून राहिला का?" नर्स हासली. घरी आलो आन वंदनाले म्हटलं, "भिंती इतक्या काळ्या होत्या का वं?" थे मशीनपेक्षा मोठ्यानं बोलली.

रोहित येऊन गेला. आधी रागावला, मंग मशीन चालवून पाह्यली, मंग म्हने, राहू द्या. पुण्याले जाचं काही निंघालं नाही. देवरावले डॉक्टरच्या कागदावरची, मशीन कधी धराची थे तारीख दाखवली. थो म्हनते, "तवालोक मी बांधावर बसून काय करू?"

आता अडचन ऐक. तू देल्लेली चेन काल उनात धरून पाह्यली. डावा दात पाह्यला, मंग माहा उजवा दात पाह्यला. ताई, मले कोनी असं काम करून देल्लं असतं तं मी त्याले बांधावरून हाकलला असता. तू दुकानात चेन पसरली तवा दुसरे लोक होते का? होते तं त्यांनी काय म्हटलं? सांगू नोको.

म्हनून म्या ठरवलं, आता दोन्ही बाजू मीच करीन. डोळा आला. हात होताच. पन वंदना कानस देत नाही. डब्यामागची घेऊन थे दुसरीकडं ठेवली. म्हनते, "डावी बाजू माही आहे. पावसाळ्यापासून म्या केली." मी म्हटलं, मशीन माही आहे. थे म्हने, "मंग पातं काहून माह्याकडं ओढते?" मी कागद घेऊन तुले लिहाले बसलो.

तूच ये आन निकाल दे.

रुपराव

•

महाल, नागपूर
२१ फेब्रुवारी २०२५

चि. रुपराव आणि सौ. वंदना,
अनेक आशीर्वाद.

निकाल सोपा आहे, आणि तो माझा नाही, चेनचा आहे. एका चेनला एकच हात. अर्धी तू, अर्धी ती, असं केलंत तर पातं कुणाच्या तरी बाजूला ओढणारच, आणि मला पुन्हा पत्रं लिहावी लागतील. कोणाचा हात हे मी ठरवणार नाही. इतके महिने तुम्ही दोघं एकमेकांशी न बोलता चेन लावत होतात, एक चहा पीत आणि एक दात घासत. आता बोला. बोलताना भांडण झालं तर होऊ द्या, मशीन बंदच आहे.

रविवारी, दोन तारखेला मी येते. दुकान बंद असतं. सामान घेऊन येते आणि कोणाला काय दिलं ते कागदावर लिहून ठेवते. तोंडी ठरलेलं तुमच्या घरात टिकत नाही, कारण तिथे सगळं न बोलता ठरतं.

जेवायला साधं करा. वंदना, त्याला वाकून पाटावर बसवू नकोस.

सुभद्राताई

•

रामटेक
२ मार्च २०२५

आज रोजी सुभद्राताईंनी खालीलप्रमाणे सामान सुपूर्द केलं.

मशीन, पुसून, टाकी रिकामी: रुपराव यांच्या ताब्यात. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पेट्रोल भरायचं नाही.

डोळ्यांवर लावायचा काचेचा जाड चष्मा आणि पायावर बांधायचं जाड कापडी आवरण: रुपराव यांच्या ताब्यात. दोन्ही न लावता मशीन सुरू केल्याचं दिसल्यास वंदनाने नागपूरला कळवायचं आहे.

पाच पॉइंट दोनची कानस: रुपराव यांच्याकडून परत घेतली.

चेन, दोन्ही बाजूचे दात मी आज एकसारखे करून दिलेली. चार पॉइंट आठची गोल कानस, मुठीसह. दातापुढचा खुंट उतरवायची चपटी कानस. तांदळाच्या डब्यामागची कानस, तीही.

हे सगळं कोणाच्या ताब्यात, ती जागा मी मुद्दाम कोरी ठेवली होती. कागद रुपराव यांनी उजेडात नेऊन पहिल्या अक्षरापासून स्वतः वाचला. वंदना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मग त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि कोऱ्या जागेत आपल्या हाताने लिहिलं:

वंदना. दोन्ही बाजू. मी जवळ बसीन.

घेणार: सौ. वंदना रुपराव झंझाड (सही)
घेणार: रुपराव झंझाड (सही)
देणार: सुभद्रा (सही)